काटा माळ्यावर ठेवलात, तर मोजायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, उंची १५४ सेंमी, वजन ६८ किलो, राहणं मालवणजवळच्या एका वाडीत. एप्रिलपासून रात्रीचा भात कमी केला, सकाळचं चालणं सुरू केलं आणि दीड किलो उतरलं. जूनमध्ये पाऊस लागला, चालणं सुटलं. लावणीला चार दिवस शेतात उतरल्या आणि त्याच आठवड्यात काटा दीड किलोने वर गेला. बीपीची गोळी चालू आहे, शुगर 'बॉर्डर'वर आहे. आता सकाळी काट्यावर पाय ठेवायचा म्हटलं तरी पोटात गोळा येतो. काटा न बघता वजन उतरवता येईल का, आणि उतरतंय हे कळणार कसं?

येईल, ताई. पण आधी त्या दीड किलोचा हिशेब करू, कारण तुमचं मन त्यानेच खट्टू झालंय.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दीड किलो चरबी अंगावर चढायची तर शरीराला जे लागतं त्याच्यावर साडेअकरा हजार कॅलरी जादा खायला हव्यात. आठवड्यात म्हणजे रोज सोळाशेच्या वर, जवळजवळ दिवसाच्या जेवणाइतकंच आणखी एक जेवण. तसं तुम्ही खाल्लेलं नाही. उलट चार दिवस चिखलात कमरेत वाकून राबलात. मग काट्यावर आलं ते काय? पाणी.

ते कुठून आलं तेही सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. ताजी मासळी मिळणं मुश्किल, मिळाली तर भाव परवडत नाही. मग डब्यातला सुका बांगडा, सोडे, सुकट बाहेर येतात. सोबत पापड, खारातली कैरी, लोणचं. हे सगळं मिठावर टिकवलेलं. आपल्या अंगातलं पाणी साधारण सलाइनइतकं खारट असतं, लिटरला ९ ग्रॅम मीठ या हिशेबाने. चार-पाच ग्रॅम मीठ जास्त गेलं की ते लघवीवाटे बाहेर पडेपर्यंत शरीर अर्धा लिटर पाणी धरून ठेवतं. काट्याला ते अर्धा किलो दिसतं.

लावणीचं वेगळंच. सवय नसलेलं अंगमेहनतीचं काम केलं की स्नायू दुखतात, आतून किंचित सुजतात आणि ती सूज म्हणजेही पाणी. लावणीच्या दिवसांत भूक लागते, दुपारी पेज आणि भात पोटभर होतो. भाताची साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवतं आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. हा साठा चार-पाचशे ग्रॅमचा. तो पूर्ण रिकामा झाला किंवा भरला तर पाण्यासकट दीड-दोन किलोचा फरक पडतो. (स्पष्टच सांगायचं तर एप्रिलमध्ये तुमचं जे झटपट उतरलं त्यातही याचा वाटा असणार. 'आठ दिवसांत तीन किलो' म्हणून जाहिराती येतात, त्यांचं भांडवल हेच.) यात तुमचं वय ४६, पाळी पुढेमागे होत असेल. पाळीच्या आधीच्या दिवसांत किलो-दीड किलो पाणी अंगात राहणं अगदी नेहमीचं आहे.

म्हणजे रोजचा काटा तुम्हाला मीठ, भात, पाळी आणि पोट साफ झालं की नाही एवढं सांगतो. चरबी नीट चाललेल्या आठवड्यातही अर्ध्या किलोच्या आसपास हलते. ती या वर-खाली होण्यात बुडून जाते.

दुसरी गोष्ट. आपल्या लोकांच्या बाबतीत नुसतं वजन तसंही फसवं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी एकसारखा. अंगातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिनांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. काट्यावर दोघे 'नॉर्मल'. तेव्हा तुमची शेजारीण ५५ किलोची आहे म्हणून तिला बरं म्हणायचं आणि तुम्हाला नाही, असं करू नका. तिच्या पोटाचा घेर किती ते बघितल्याशिवाय मी तरी काही बोलणार नाही.

आता मोजायचं काय ते.

पहिलं, पोटाचा घेर. शुगर, बीपी, यकृतावरची चरबी या सगळ्याचं नातं पोटातल्या चरबीशी जास्त आहे, मांड्यांवरच्या चरबीशी कमी. भारतीय बायकांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० सेंमी ही धोक्याची रेघ धरतात. त्याहून सोपा नियम म्हणजे पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेनेही २०२२ पासून हाच सल्ला लोकांना द्यायला सुरुवात केली. तुमच्या बाबतीत निम्मे म्हणजे ७७.

यासाठी मी बायकांना सुतळी वापरायला सांगते, टेप नाही. न ताणणारी, पार्सल बांधायची सुतळी घ्या. काथ्या नको, तो ओढला की लांबतो. सुतळीचं एक टोक टाचेखाली धरा, कुणाला तरी डोक्यापर्यंत मोजायला सांगा आणि तिथे कापा. ही तुमची उंची. ती दुमडून बरोबर अर्धी करा आणि पोटाभोवती गुंडाळा. टोकं एकमेकांना भेटली तर उत्तम. नाही भेटली तर मध्ये जेवढी फट राहते तेवढं तुमचं काम. ती फट बोटांनी मोजा: चार बोटं, पाच बोटं. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. आकड्याची धास्ती घेणाऱ्या बाईलाही चार बोटांची साडेतीन झाली की हसू येतं, हे मी खूपदा बघितलंय.

गुंडाळायची कुठे, यात बहुतेकींचं चुकतं. परकराची नाडी जिथे बांधतो तिथे वर्षानुवर्षांचा वळ पडलेला असतो. हात सवयीने तिथेच जातो आणि माप कमी येतं. बेंबीही नको, पोट सुटलं की बेंबी खाली जाते. शेवटची बरगडी चाचपा, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा आणि दोन्हींच्या मधोमध सुतळी आडवी, सरळ ठेवा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. दोनदा मोजा. आणि पंधरा दिवसांतून एकदाच. सेंटीमीटरभर इकडेतिकडे हातानेच होतं, त्यामुळे रोज मोजलंत तर काट्याचाच जाच सुतळीला लागेल.

कपड्यांचं म्हणाल तर एक सांगते, रागावू नका. दिवसभर गाऊन घालणं बंद करा. निदान आठवड्यातून दोन दिवस तरी. आपल्याकडे सकाळी घातलेला गाऊन रात्रीपर्यंत अंगावर असतो, त्याच्यावर ओढणी टाकून तिठ्यावरच्या दुकानातही जाऊन येतात. सोयीचं आहे, उकाड्यात बरंही वाटतं. पण गाऊनला कंबर नसते. दहा सेंमी वाढेपर्यंत पत्ताच लागत नाही. पुरुषांचं हेच ट्रॅकपँटच्या इलॅस्टिकने होतं. नेहमीच्या मापाचा एक ब्लाउज ठरवा, न ताणणाऱ्या कापडाचा, अस्तराचा असला तर उत्तमच. महिन्याच्या शेवटी तो घाला. खालचा हूक लागतो का, दंडात रुततो का, एवढंच बघा. शिंप्याने शिवणीत दाबून ठेवलेलं कापड उसवायला लावलं होतंत ना, ते परत आत घ्यायची वेळ आली की मला कळवा.

दुसरं मोजायचं ते बळ. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि माझ्या मते चाळिशीनंतरच्या बाईसाठी हे घेराइतकंच मोलाचं आहे. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. काटा खाली येतो, घरचे कौतुक करतात आणि बाईला पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. असलं उतरवणं काय कामाचं?

जेवायला पाटावर बसत असाल तर उठताना हात लागतो का, एक लागतो की दोन, हे आज बघून ठेवा. गुडघे दुखत असतील तर पाट राहू द्या, बिनहाताची खुर्ची घ्या, ती भिंतीला टेकवा, हात छातीवर आडवे बांधा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. दुसरी कुणी किती करते याच्याशी देणंघेणं नाही. आज १० झाले आणि दोन महिन्यांनी १४, तर मांड्यांत जीव आलाय. काट्याला यातलं काही दिसणार नाही.

आणि पाखाडी. तुमच्या वाडीला रस्त्यापासून वर चढायची चिऱ्याची पाखाडी असणारच. कुठे थांबून दम खाता? फणसाखाली? देवळाच्या वळणावर? तो टप्पा लक्षात ठेवा. पुढच्या महिन्यात तिथे न थांबता, बोलत बोलत वर गेलात तर तब्येत सुधारतेय. पावसात मात्र हे करू नका. शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय सटकला तर वजनाचा प्रश्न बाजूला राहून मनगटाचं प्लास्टर सांभाळत बसाल. ऑगस्ट संपेपर्यंत पडवीतच व्यायाम करा: खुर्चीवर उठबस, भिंतीला हात टेकून दंड, दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या बादल्या घेऊन पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. आठवड्यातून दोनदा असं ताकदीचं काम आणि एकूण दीडशे मिनिटं धाप लागेल पण बोलता येईल अशी हालचाल, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. लावणीचे चार दिवस त्यात जमेला धरा, पण त्यावर वर्ष निघत नाही.

तिसरं, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. अंगाऐवजी स्वयंपाकघर मोजा.

शहरातल्या बाईला मी किराण्याची यादी दाखवायला सांगते, तिच्यात सगळं दिसतं. कोकणात ती युक्ती चालत नाही. कारण जे सगळ्यात जास्त अंगी लागतं ते बिलात येतच नाही. नारळ परसातला, काजू बागेतले, आंबे-फणस आपलेच. पैसे मोजले नाहीत म्हणून खाल्लेलंही मोजलं जात नाही. काजू सोलता सोलता तोंडात टाकलेले तुकडे कुणी 'खाल्लं' म्हणत नाही. मूठभर काजू, म्हणजे ३० ग्रॅम, पावणेदोनशे कॅलरींचे असतात.

नारळाचं बघा. मध्यम नारळाचं ओलं खोबरं तीनशे ग्रॅमच्या आसपास निघतं, त्यात हजारभर कॅलरी. चार माणसांच्या घरात सकाळच्या चटणीला, दुपारच्या आमटीच्या वाटपाला, भाजीवर पेरायला आणि सोलकढीला मिळून रोज एक नारळ सहज फुटतो. माणशी अडीचशे कॅलरी. नारळ वाईट नाही, मी स्वतः वाटपाशिवाय माशाची आमटी खात नाही. पण किती फुटतात हे तरी कळू द्या. करवंट्या चुलीत टाकायच्या आधी आठवडाभर मागीलदारी एका टोपलीत टाका. रविवारी मोजा. दोन करवंट्यांचा एक नारळ. सात आठवड्याला होत असतील तर पाचवर आणा. बांगड्याचं तिखलं नारळ न घालता होतं, आमटीला वाटप असेल त्या दिवशी चटणी आणि सोलकढी दोन्ही नको, कोकमाचं सार करा.

तेलाचंही तसंच. पाच लिटरचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चार माणसांत तो महिनाभर गेला तर माणशी दिवसाला चाळीस मिलिलिटरच्या वर पडतं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तोच डबा दीड महिना पुरवलात तर माणशी रोज शंभराच्या वर कॅलरी कमी झाल्या, कुणाच्या ताटातलं काही न काढता. मासे रव्यात घोळवून तळण्याऐवजी आठवड्यातून दोनदा तव्यावर केळीच्या पानात ठेवा, एवढ्याने डब्याची तारीख पुढे सरकते.

आता भात. 'भात बंद' म्हणून कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. आपल्याकडे भात बंद केलेली बाई तीन आठवडे टिकते, चौथ्या आठवड्यात पातेल्यातला खरवडून खाते. शिजवलेल्या भाताची एक वाटी दोनशेच्या आत कॅलरींची. दुपारी दोन वाट्या, रात्री एक, हे चालेल. उकडा तांदूळ असेल तर अधिकच बरा. पण वाटीने वाढून घ्या, पातेल्यातून पळीने नको. आणि संध्याकाळच्या चहासोबतचे बटर, खारी, टोस्ट यांना मी भातापेक्षा जास्त दोष देते. ती पोट भरत नाहीत आणि हिशेबातही धरली जात नाहीत.

सध्या मासळी नाही म्हणून तुमच्या ताटात प्रथिनं कमी झाली असणार, आणि स्नायू टिकवायला तीच लागतात. किलोमागे ग्रॅमभर धरा, म्हणजे तुम्हाला रोज पासष्ट-सत्तर ग्रॅम. एका मध्यम बांगड्यात अठरा-वीस मिळतात, अंड्यात सहा. कुळथाची पिठी चांगलीच, पण पातळ पिठीत माणशी दोन चमचे पीठ पडतं, त्यातून चार-पाच ग्रॅमच्या वर हाती लागत नाही. पिठीच्या जोडीला मोडाच्या कुळथाची उसळ, चवळी, अंडी हवीत. सुका बांगडा खायचा तर तासभर पाण्यात भिजवा, पाणी फेका, पुन्हा धुवा. मीठ बरंच निघून जातं. त्या दिवशी पापड-लोणचं ताटात नको. बीपीच्या पेशंटला हे मी हात जोडून सांगते.

बीपीवरून आठवलं. घेर आणि मीठ कमी झालं की बीपी खाली येतं, कधी लवकरच. चक्कर आली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर डॉक्टरांना दाखवा, ते गोळीचा डोस बघतील. स्वतःहून गोळी बंद करायची नाही. घरात कुणी शुगरच्या गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर असेल आणि तुमच्याबरोबर तेही कमी खायला लागले असतील, तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, शुगर एकदम खाली जाऊ शकते. तुमची एचबीएवनसी, उपाशीपोटीची शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) आता एकदा करून घ्या. वर्षभरात थायरॉइड बघितलेलं नसेल तर टीएसएचही. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवते, त्यामुळे पुढची तपासणी ऑक्टोबरच्या अखेरीस.

काटा अजिबातच नको असं मी म्हणत नाही. नियमित वजन करण्याचा काहींना फायदा होतो, आकडा बघून ती माणसं सावध होतात, बेचैन होत नाहीत. तुमचा स्वभाव तसा नाही, एवढंच. महिन्यातून एकदा, पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात, त्याच काट्यावर बघा. काटा सपाट लादीवर ठेवा. जुन्या घरातला कोबा उंचसखल असतो, त्यावर डिजिटल काटा जागा बदलली की आकडा बदलतो. चरबीचे टक्के दाखवणाऱ्या काट्यावर पैसे घालू नका. तो पायातून बारीक करंट सोडून अंदाज बांधतो आणि अंगात पाणी किती आहे त्यावर तो अंदाज हलतो.

काही जणांना मात्र रोजचा काटा लागतोच. हृदय कमजोर असलेले, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले, ज्यांना डॉक्टरांनी रोज वजन लिहायला सांगितलंय. त्यांच्यात दोन दिवसांत दोन किलो वाढणं म्हणजे अंगात पाणी साचणं, त्यांनी लगेच दवाखाना गाठावा. तुमच्याही पायावर घोट्याजवळ बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल तर सुतळी बाजूला ठेवून आधी दाखवून या. आणि काही न करता वजन उतरत असेल, सहा महिन्यांत तीन-साडेतीन किलो, तर खूश होऊ नका, तपासून घ्या.

आता गणपती तोंडावर आलेत. मुंबईहून चाकरमानी येतील. एक काकू म्हणेल 'बारीक झालीस, बरं नाही काय?' आणि दुसरी म्हणेल 'अजून तशीच आहेस'. दोघींचं माप धरू नका. उकडीचे मोदक खा, तूप घालून खा. गणपती जाईपर्यंत आणि पुढचे आठ दिवस सुतळी कपाटात राहू द्या, कारण तेव्हाच्या मापात गूळ-खोबऱ्यापेक्षा जागरणं, मीठ आणि बिघडलेलं पोटच जास्त दिसेल. पहिलं माप या रविवारी घ्या, दुसरं पंधरा दिवसांनी, तिसरं विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी. तीन मापं, खुर्चीवरचे दोन आकडे, आठवड्याच्या करवंट्या आणि तेलाच्या डब्यावरची तारीख एवढं मला लिहून पाठवा. भाताच्या वाट्यांत काही बदल करायचा का ते त्यावरून ठरवू.